अकराव्या नंबरचं स्थळ

लाहूला घरं कळत. बांधायची नव्हेत, बघायची. तलासरीच्या पूर्वेला, कुर्झ्याच्या धरणापलीकडे डोंगर जवळ यायला लागतात तिथल्या एका पाड्यावर त्याचं कुडाचं घर, थोडं भात, थोडी नागली, दोन बैल आणि बायको जमना. यात सांगण्यासारखं काही नाही. सांगण्यासारखं हे, की आसपासच्या पाड्यांत कुणाच्या पोरासाठी मुलगी मागायला जायचं ठरलं की आधी लाहूकडे निरोप यायचा. मध्ये लाहू बसणार आहे एवढं कळलं की दोन्ही घरं निर्धास्त होत. नव्या घरात शिरताना त्याची नजर आधी चुलीवर जायची, मग पाण्याच्या हंड्यावर, मग घरातलं म्हातारं माणूस कुठे बसवलंय तिकडे. म्हातारं माणूस उजेडात बसलेलं असलं तर घर चांगलं, असं त्याचं पक्कं मत होतं आणि ते तो कुणाला सांगत बसत नसे.

त्या पाड्यांत मुलगी मागायला यायचं ते मुलाकडच्यांनी. मुलीच्या बापाने कुणाच्या दारात जायचं नाही. बोलणं जुळलं की दोन्हीकडची माणसं एका मडक्यातली ताडी पीत आणि शब्द बसे. बसलेला शब्द उठवायचा झालाच, तर ज्याला तो उठवायचाय त्याने स्वतः जायचं, साक्षीदार न्यायचा, पिण्याचं न्यायचं, समोरच्या घराची खोट तोंडाने सांगायची, आणि त्या माणसाने घोट घेऊन ‘मोकळं’ म्हटल्याशिवाय माघारी फिरायचं नाही. हे कुठे लिहिलेलं नाही. लाहूच्या डोक्यात होतं, आणि लाहू होता म्हणून पाड्याच्याही डोक्यात टिकून होतं. त्याचा चुलतभाऊ भिका एकदा मुलाचं ठरलेलं लग्न मोडून नुसता गप्प बसायच्या बेतात होता, तर लाहूने त्याला भर उन्हात मुलीच्या घरी, उधव्यापर्यंत चालवत नेलं. भिका त्या चालण्याबद्दल अजून कुरकुरतो, पण लाहू म्हणेल तिथे जातो.

अशा माणसाच्या अंगणात मे महिन्यात एक पांढरी गाडी येऊन थांबली.

गाडीतून उतरला तो तुषार. डहाणू रोडचाच मुलगा, मराठी आणि गुजराती दोन्ही सारख्याच सफाईने बोलणारा, गळ्यात पट्टा आणि पट्ट्याला फोटो. अच्छाडच्या नाक्यापलीकडे, गुजरातेत, हायवेपासून थोडं आत एक खासगी लॉ स्कूल नव्याने उभं राहिलं होतं. तिथे मुलं आणायची त्याची नोकरी. डहाणूत बारावीच्या मुलांसाठी एक मेळावा भरला होता, त्यात लाहूच्या मुलीने, दक्षाने, आपलं नाव आणि पाडा लिहून दिला होता. दक्षा त्या दिवशी डहाणूच्या वसतिगृहावर होती. घरी लाहू, जमना आणि कुतूहलाने आलेला भिका.

तुषारने खाटेवर बसून गुळगुळीत कागदाचं एक पुस्तक उघडलं. आत काचेची इमारत, काळे कोट घातलेली हसरी मुलं, आणि पहिल्याच पानावर भलामोठा अकराचा आकडा. तुषार म्हणाला, देशातल्या सगळ्या खासगी लॉ स्कूलमध्ये आमचा नंबर अकरावा. लाहूने विचारलं, म्हणजे कुणीतरी सगळी बघून ओळीत लावली? तुषार म्हणाला, हो, दरवर्षी लावतात.

लाहू त्या आकड्याकडे बघतच राहिला. जन्मभर त्याने घरं बघितली, पण कुठलं पहिलं आणि कुठलं दुसरं हे म्हणायची त्याची कधी छाती झाली नव्हती. या घरची चूल चांगली तर त्या घरचं पाणी, एकीकडे सासू तोंडाळ पण हात सढळ, दुसरीकडे सगळं गोड पण शेत उताराचं. आणि इथे देशभरातली घरं कुणीतरी एका ओळीत उभी केली होती आणि त्यात चूक होईल याची त्याला भीतीही वाटली नव्हती. हे काम साध्यासुध्या माणसाचं नव्हे, असं लाहूला मनापासून वाटलं.

मग त्याने खाकरून तुषारला सरळच विचारलं, “तुम्ही आमची पोर मागायला आलात का?”

“हो काका,” तुषार म्हणाला. “मागायलाच आलोय.”

बिचाऱ्याला वाटलं, म्हाताऱ्याने किती नेमकं ओळखलं. आणि लाहूला वाटलं ते असं, की त्याच्या पाड्याच्या इतिहासात मुलगी मागायला पुष्कळ जण आले असतील, पण तिला वकील करायला कुणी मागितली नव्हती. गाडी घेऊन, घर शोधत, स्वतःहून आले होते. रीतीला धरून आले होते. त्याचा ऊर भरून आला. मुलीला नीट ठेवाल ना, असं त्याने वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा विचारलं आणि तुषारने दर वेळी आपलीच मुलगी समजा म्हणून सांगितलं. ताडीचा हंगाम सरत आला होता, तरी भिकाने कुठूनशी सकाळची ताडी पैदा केली. तुषार डहाणूचा, त्याला ताडीचं काय अप्रूप. ऊन मी म्हणत होतं, त्याने दोन पेले आनंदाने घेतले. लाहूने घेतले, भिकाने घेतले. गाडी धूळ उडवत गेली आणि लाहूने जमनेला सांगितलं, शब्द बसला.

दक्षा सुट्टीत घरी आली तेव्हा हे ऐकून आधी हसली. मग बापाचा चेहरा बघून हसायची थांबली. पण तेव्हा लॉच्या प्रवेश परीक्षेचा निकालही लागलेला नव्हता, म्हणून तिने वाद घातला नाही. पुढचं पुढे, असं म्हणून ती आईबरोबर भाताच्या रोपांसाठी राब भाजायला निघून गेली.

दक्षा तशी वाद घालणाऱ्यांतलीच. लहान असताना वनपट्ट्याच्या सुनावणीला ती आईच्या बोटाला धरून तालुक्याला गेली होती. त्यांच्या जमिनीबद्दल एक वकील उभा राहून काहीतरी बोलला, साहेब काहीतरी बोलले, आणि सगळे उठले. जमनेने बाहेर येऊन विचारलं, आपलं काय झालं, तर कुणालाच नीट सांगता येईना. ते घर करून बसलं होतं दक्षाच्या मनात. तिला मुंबईला जायचं होतं, हायकोर्टाच्या जवळ, जिथे अशा पट्ट्यांची भांडणं शेवटी जाऊन पोचतात.

आणि भाताची आवणी उरकता उरकता प्रवेशाची यादी लागली. दक्षाचं नाव मुंबईच्या एका जुन्या लॉ कॉलेजात लागलं. तेही खासगीच, एका ट्रस्टचं, पण कितीतरी जुनं. तिची परीक्षेची तयारी करून घेणाऱ्या डहाणूच्या भारती मॅडम तिथेच शिकल्या होत्या. वसतिगृहातून धावत सुटून, मिळेल ती रिक्षा पकडून ती पाड्यावर आली, आईच्या गळ्यात पडली, भिकाच्या पाया पडली. लाहू मात्र ओसरीवर बसून राहिला. त्याला आनंद झाला नव्हता असं नाही.

“पोरी, शब्द गेलाय ना आपला,” तो म्हणाला.

मग जे रामायण सुरू झालं त्याला पाड्याने यथेच्छ हातभार लावला. एकाने फोनवर नंबर काढले. ज्या यादीत नाक्यापलीकडचं लॉ स्कूल अकरावं, त्याच यादीत मुंबईचं कॉलेज कुठल्या कुठे मागे, चाळिसाच्याही पलीकडे. मग लोक म्हणू लागले, अकरावं सोडून चाळिसावं कोण घेतं. दक्षाने दुसरी यादी काढली, तिच्यात मुंबईचं पुढे आणि ते अकरावं पार तळाला. तिसऱ्या यादीत दोन्ही नव्हती. पाडा चक्रावला. शेवटी भारती मॅडमना फोन लावला आणि त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं समजावलं, की याद्या करणारे कॉलेजांना प्रश्न पाठवतात, शिक्षक किती, पुस्तकं किती, मुलांना नोकऱ्या कुठे लागल्या. कॉलेजं आपापली उत्तरं भरून पाठवतात. शिवाय काही वकिलांना आणि प्राचार्यांना विचारतात, की तुमच्या कानावर कुठल्या कॉलेजचं नाव आहे. जी कॉलेजं उत्तरच पाठवत नाहीत ती मागे पडतात किंवा यादीतच येत नाहीत. मुंबईच्या कॉलेजला या कागदांची फारशी पर्वा नाही.

हे ऐकून बाकीच्यांचा त्या नंबरावरचा विश्वास थोडा ढळला असेल. लाहूचा उलट वाढला. घराचा उंबरठाही न ओलांडता, पाण्याचा घोटही न घेता घर ओळखतात म्हणजे ते मोठे भगतच असले पाहिजेत, असं तो भिकाला हळूच म्हणाला. भिकाने मान डोलावली, कारण त्यालाही दुसरं काही सुचेना.

पण खरी अडचण नंबराची नव्हतीच. दक्षाने बापाला हर तऱ्हेने सांगून पाहिलं, की तो माणूस नोकरी करतो, रोज दहा घरी जातो, सगळीकडे हेच बोलतो, त्याला तुमचं नावही आठवत नसेल. लाहूने शांतपणे ऐकून घेतलं.

“तो जाऊ दे ना दहा घरी,” तो म्हणाला. “मी एकाच्याच बरोबर प्यालो.”

जमनेने त्या दिवशी नवऱ्याला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. दक्षाने बोलणं टाकलं. मुंबईला जाऊन कागद दाखवून जागा पक्की करायची मुदत संपत आली, तरी लाहू हलेना. शब्द न उठवता पोरीला दुसऱ्या घरी घालणं त्याच्याने होणार नव्हतं, आणि तो उठवायला जावं तर त्या घराची खोट त्याला ठाऊक नव्हती. ज्या घरात पाऊल टाकलं नाही त्याला नावं कशी ठेवायची? मुदतीचा एकच दिवस उरला तेव्हा तो पहाटे उठला, धुतलेला सदरा घातला आणि म्हणाला, चला, आधी घर बघून येऊ.

भिका साक्षीदार. ताडीचे दिवस सरले होते, म्हणून लाहू आता निघणार हे ओळखून भिका आदल्या दिवशीच डहाणूजवळच्या आगरला जाऊन एका ओळखीच्या वाडीतून कॅनभर माडी, नारळाची, घेऊन आला होता. लाहू, भिका आणि दक्षा, तिघं अच्छाडला उतरले. पुढे ट्रकांची रांग, पलीकडे गुजरात. लाहू कॅन उचलून चालू लागला तशी दक्षाने त्याचा हात धरला. किती दिवसांनी ती त्याच्याशी बोलली तर ते हे, की बाबा, पलीकडे दारूबंदी आहे, कॅन घेऊन गेलात तर शब्द राहील बाजूला आणि तुम्हालाच उठवून नेतील. लाहू थबकला. शब्द उठवायला पिण्याचं लागतं आणि शब्द दिलेलं घर तर अशा मुलखात, की जिथे पिण्याचं नेता येत नाही. अशी गाठ त्याच्यासमोर आजवर कधी आली नव्हती. भिकाला मात्र वाटेतच कॅन हलकं करायची फार घाई झालेली दिसत होती, म्हणून लाहूने ते नाक्याच्या अलीकडे चहाची टपरी चालवणाऱ्या सुषमाच्या ताब्यात दिलं आणि झाकण उघडू देऊ नको म्हणून बजावलं.

लॉ स्कूलच्या दारात पोचल्यावर लाहूने मान वर केली. चित्रात बघितली होती ती इमारत खरोखरच काचेची होती आणि तिच्यात ढग दिसत होते. तुषार धावत आला. त्याला वाटलं प्रवेश घ्यायलाच आले. तो खुशीत सगळं दाखवत सुटला. लाहूने आपल्या रीतीने बघितलं. मेसमध्ये गेला तर चुली झगझगीत आणि भाताला वास छान. पाणी एवढं गार की दात कळवळले. मग पुस्तकांची खोली. छतापर्यंत पुस्तकं, खाली पुस्तकं, वर जिना लावून पुन्हा पुस्तकं, आणि प्रत्येकात म्हणे कुणाचं ना कुणाचं भांडण लिहिलेलं. एवढी माणसं भांडली आणि एवढ्यांचं कुणीतरी ऐकून घेतलं, या विचाराने लाहूला गरगरलं. तिथे खिडकीपाशी एक वृद्ध गृहस्थ वाचत बसले होते. तुषारने हळू आवाजात सांगितलं, हे निवृत्त न्यायाधीश, आता इथे शिकवतात. त्यांच्या अंगावर चांगलं ऊन पडलं होतं. लाहू ते बघून खट्टू झाला. खोट शोधायला आलेल्या माणसाला हे बरं नव्हतं.

शेवटी तुषारने त्यांना एका दालनात नेलं. उंच खुर्ची, लाकडी कठडा, आरोपीचा पिंजरा, वकिलांची टेबलं. मुलं इथे खोट्या खटल्यांचा सराव करतात, असं त्याने सांगितलं. दक्षा कठड्यापाशी गेली आणि तिने त्यावर दोन्ही हात ठेवले. लाहू दारातच उभा राहिला. तालुक्याच्या सुनावणीला तो बाहेर झाडाखाली बसला होता, आत जायचं धाडस झालं नव्हतं. आणि इथे नुसतं शिकण्यासाठी अख्खं कोर्ट बांधून ठेवलं होतं, ज्यात पोरं दिवसभर भांडली आणि हरली तरी कुणाची जमीन जाणार नव्हती. जगात कुणाला तरी अशी गोष्ट सुचली होती. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याने ते पुसलंही नाही.

मग तो जिथे होता तिथेच उकिडवा बसला आणि तुषारला म्हणाला, आम्ही शब्द उठवायला आलोय. तुषारला काही कळेना. भिकाने मे महिन्यातली ताडी आठवून दिली, रीत सांगितली. तुषार हसला, पण त्या हसण्यात कुचेष्टा नव्हती, ओशाळलेपणच जास्त होतं. तो म्हणाला, काका, कसला शब्द, तुम्ही विसरून जा. त्याला वाटलं, आपण म्हाताऱ्याला सोडवतोय. लाहूचा चेहरा उतरला. शब्द एक तर बसलेला असतो किंवा उठलेला. विसरलेला शब्द असं काही त्याला माहीत नव्हतं. तुषारचा फोन वाजायला लागला, बाहेर दुसरे पालक खोळंबले होते. लाहू उठला. तुमची घरी जायची वाट अच्छाडवरूनच आहे, आम्ही नाक्याच्या अलीकडे बसतो, असं सांगून तो निघाला.

ते सुषमाच्या टपरीमागे, वडाखाली बसले. ट्रक येत होते, जात होते. भिका मधून मधून कॅनकडे बघायचा आणि माडी आंबट होत चालली असणार असं कुणालाच न उद्देशून म्हणायचा. दुपार कलली. सकाळी मुंबईच्या कॉलेजात हजर व्हायचं, नाहीतर जागा पुढच्या नावाला जाणार, हे तिघांनाही माहीत होतं. दक्षाने मांडीवर कागदांची पिशवी धरली होती. ती बापाकडे बघत होती, आणि त्या बघण्यात राग फारसा उरलेला नव्हता.

उन्हं तिरपी झाली आणि पांढरी गाडी आली. तुषार उतरला, तो दमलेला होता आणि थोडा वैतागलेलाही, पण उतरला. पुढे एकदा त्यानेच कुणाला तरी सांगितलं, की नाही म्हणायचं असलं की लोक फोन उचलायचे बंद करतात. तोंडावर नाही म्हणायला परवानगी मागत कुणी दिवसभर नाक्यावर बसलेलं त्याने बघितलं नव्हतं. तो येऊन त्यांच्यासमोर मातीत मांडी घालून बसला. सुषमाने पेले दिले. भिकाने माडी ओतली.

लाहूने बोलायला सुरुवात केली आणि तो खोटेपाशी येऊन अडला. “घर बघितलं,” तो म्हणाला. “चूल चांगली हाय. पाणी चांगलं हाय. म्हातारा उजेडात बसतो.” पुढे त्याला बोलता येईना. तुषारला त्याची दया आली असावी. तो म्हणाला, काका, खोट मीच सांगतो, तो अकरा नंबर आहे ना, त्याची माहिती आम्हीच भरून पाठवतो, तेवढं कारण पुरे होईल. लाहूने मान हलवली. ऐकीव गोष्टीवरून ज्या घरी पाणी प्यालो त्याला बट्टा लावायचा नाही. तोही मार्ग बंद झाला. समोरच्या पेल्यांना कुणी हात लावेना.

“भिका काका, मी बोलू का?” दक्षाने विचारलं.

मागणीच्या बैठकीत विचारल्याशिवाय मुलगी बोलत नाही. भिकाने लाहूकडे बघितलं, लाहू काहीच म्हणाला नाही, तेव्हा भिकाने आपल्या जबाबदारीवर हो म्हटलं. दक्षा उठून उभी राहिली. ती कुणावर ओरडली नाही, रडली नाही. तिने एक जुनी गोष्ट सांगितली. ती एवढीशी असताना बापाच्या खांद्यावर बसून सूत्रकार गावच्या एका पाड्यावर मागणीला गेली होती. बोलणं जुळलं, पुरुष पिऊन मोकळे झाले, आणि मग लाहूने घरातल्या त्या मुलीला पुढे बोलावून तीनदा विचारलं, या घरी जाशील का. दोनदा ती गप्प राहिली आणि तिसऱ्यांदा नाही म्हणाली. लाहू लगेच उठला. मुलाकडचे चिडले, म्हणाले की ताडी झाली, आता शब्द बसला. तेव्हा लाहू काय म्हणाला होता ते भिका काकांना आठवतं का, असं तिने विचारलं.

भिकाला आठवत होतं. त्या रात्री शिव्या त्यानेही खाल्ल्या होत्या. “पोरीच्या हो शिवाय पिली ती नुसती तहान,” तो म्हणाला.

“मग मला कुणी विचारलं?” दक्षा म्हणाली. “मे महिन्यात तुम्हाला तहान लागली होती, बाबा. शब्द बसलाच नाय.”

रस्त्यावरून एक लांबलचक ट्रेलर गेला. एवढी वर्षं, एवढ्या घरांत, एकाही पोरीला विचारल्याशिवाय तो उठला नव्हता. आणि स्वतःच्या पोरीच्या वेळी तो पांढरी गाडी बघून, अकराचा आकडा बघून असा दिपला की विचारायचंच राहून गेलं. त्याला शरम वाटली, पण शरमेला त्याच्या मनात फारशी जागा मिळाली नाही. तो समोर उभ्या असलेल्या मुलीकडे बघत होता. तिने त्याचीच रीत, त्याचाच शब्द, कुठे न लिहिलेला निवाडा इतकी वर्षं सांभाळून ठेवला होता आणि आज या वडाखाली त्याच्याचसमोर मांडून तिने त्याला सोडवलं होतं. काचेच्या त्या इमारतीत शिरताना वाटलं होतं तसं काहीतरी त्याला वाटलं, आणि त्याहून पुष्कळ मोठं. एवढं मोठं काही आपल्या कुडाच्या घरात वाढत होतं आणि आपल्याला कळलं नाही, याची त्याला भीतीच वाटली.

त्याने पागोटं सारखं केलं, ताठ बसला. राहिलेलं काम पुरं करायला हवं होतं.

“दक्षा,” त्याने विचारलं, “या घरी जाशील?”

“नाय.”

“या घरी जाशील?”

“नाय, बाबा.”

तिसऱ्यांदा विचारायला लाहूने तोंड उघडलं आणि त्याच्या घशातून आवाजच फुटेना. परक्या पोरींना विचारताना तो कधी अडखळला नव्हता. भिकाने थोडी वाट बघितली, मग डोळे पुसून तो प्रश्न त्यानेच विचारला, आणि दक्षाने बापाकडे बघत तिसऱ्यांदा नाही म्हटलं.

तुषारने न सांगताच पेला उचलला, घोट घेतला आणि म्हणाला, “मोकळं.” तसं म्हणायची आता गरज नव्हती, पण त्याला कुणी अडवलं नाही. लाहूने त्याच्यापुढे हात जोडले. तुमच्या घरात खोट नाही, पोरीचं मन नाही, हे त्याने स्पष्ट सांगितलं, कारण पुढे कुणी त्या घराला नाव ठेवलेलं त्याला चाललं नसतं. मग तो दक्षाकडे वळला आणि मुंबईच्या गाडीची वेळ त्याने तिला विचारली, जशी एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला विचारतात.